तुळजाबाईंची कबुली

१

"मीच मारलं ह्यास्नी. न्या मला."

एवढं बोलून तुळजाबाईंनी तोंडावर पदर दाबला, तो दुपार झाली तरी काढला नव्हता. पाणी दिलं तर मान हलवत होत्या, चहा दिला तर मान हलवत होत्या. पंचाहत्तरीला टेकलेली बाई, गुडघे असे गेलेले की कुणी धरल्याशिवाय उभं राहता येत नाही. आणि तिनं म्हणे धडधाकट नवऱ्याला मारलं!

विशाखा नांदेडहून लातूरकडच्या मुरुडजवळच्या त्या वृद्धाश्रमात आली होती ती वेगळ्याच कामासाठी. म्हाताऱ्या माणसांच्या सोयीसाठी जी नवी यंत्रं निघतात, ती खरंच कामाची आहेत की नुसती भिंतीची शोभा, हे ठरवायचं तिचं काम. एका संस्थेसाठी ती ते करायची. विकणारा काय सांगतो ते एका कानानं ऐकायचं आणि म्हातारी काय सांगते ते दोन्ही कानांनी, हा तिचा नियम. इथं प्रत्येक खोलीत भिंतीवर एक पांढरी डबी बसवली होती. "मदत करा" म्हटलं की सेविकेच्या हातातल्या फोनवर घंटा वाजायची. शिवाय प्रत्येकाच्या मनगटाला नाडी मोजणारा पट्टा. सहा महिन्यांची चाचणी संपली होती. विशाखाचं मत जवळजवळ ठरलं होतं, आणि ते चांगलं होतं. तिनं होकार दिला की लातूर आणि नांदेडमधल्या आणखी कितीतरी आश्रमांत याच डब्या लागणार होत्या.

आणि आज अंगणात बघते तर पोलिसांची जीप उभी.

मेलेल्याचं नाव शेषेराव. मूळ गाव हदगाव तालुक्यातलं. नवरा-बायको दोघं इथं एकाच खोलीत राहायचे, जोडप्यांसाठी असलेल्या ओळीत. पहाटे सेविका सुमनबाई घंटा ऐकून धावली, तेव्हा शेषेराव खाटेवर गार पडले होते. शेजारच्या खाटेवर तुळजाबाई तोंडावर हात दाबून बसल्या होत्या. त्यांनी हात काढला तो हे एकच वाक्य बोलायला.

"मॅडम, लई बेजार केलंय बाईनं," जमादार धोंडप्पा म्हणाला. "गुन्हा कबूल करून राहिली, पण कसा केला ते सांगंना. मयत लातूरला नेलंय, चिरफाड करायला. संध्याकाळी साहेब येतील अन् बाईला घेऊन जातील."

"आणि अंत्यसंस्कार?"

"पोरगं म्हणतंय, मयत आलं की दिवस मावळायच्या आत उरकायचं." धोंडप्पानं आवाज खाली आणला. "आईला तोंड बी बघू देणार न्हाई म्हणतंय."

अख्खा संसार ज्याच्यासोबत केला, त्याचं तोंड शेवटचं बघायलाही ही बाई आज मुकणार होती. हातात होता तो संध्याकाळपर्यंतचा वेळ.

२

व्यवस्थापक बालाजी इस्त्रीच्या सदऱ्यात, हातात फोन घेऊन दारातच भेटला. माणूस मेल्याचं दुःख त्याला असेलही, पण यंत्राची काळजी जास्त दिसत होती.

"मॅडम, आधी एक सांगतो. यंत्राचा काडीचा दोष नाही. रात्रीतून या खोलीची एकच हाक नोंदली गेली आहे, पहाटेची. त्या हाकेला सुमनबाई लगेच पोचल्या. पण तोवर खेळ आटोपला होता. बाईनं आधी हाकच मारली नाही! अहो, एक नाव सांगायला काय जड झालं होतं तिला? तेवढं तोंडातून काढलं असतं तर माणूस आज जिवंत असता."

"मला खोली दाखवा," विशाखा म्हणाली.

खोली साधीच होती. दोन खाटा, एक कपाट, भिंतीवर डबी. बालाजी डबीसमोर उभा राहिला आणि मोठ्यानं म्हणाला, "मदत करा!"

डबीत हिरवा दिवा लागला. "मदत येत आहे," डबीतली बाई गोड आवाजात म्हणाली आणि व्हरांड्यात सुमनबाईच्या हातातला फोन खणखणला.

विशाखानं स्वतः म्हणून पाहिलं. कोपऱ्यातून म्हटलं, खाटेवर बसून हळू म्हटलं, कण्हल्यासारखं म्हटलं. दरवेळी घंटा वाजली. यंत्र अगदी गुणी बाळ निघालं.

"झालं समाधान?" बालाजी म्हणाला. "अन् खोट्या घंटासुद्धा बंद केल्यात. पूर्वी टीव्हीवरच्या आवाजानं घंटा, खोकल्यानं घंटा, सुमनबाई पळून पळून हैराण. गेल्या आठवड्यापासून सगळं शांत. ते आकडे तुमच्याकडे आहेतच."

ते आकडे विशाखानं येतानाच पाहिले होते. पाहून खूशही झाली होती.

मग यंत्र चालत होतं, बाई जागी होती, नवरा डोळ्यांसमोर तडफडत होता. तरी तिनं "मदत करा" हे दोन शब्द उच्चारले नाहीत? "कामून?" तिच्या तोंडून निघून गेलं.

तेवढ्यात मागून कुणीतरी दरवाजा जोरात ढकलला. शेषेरावांचा मुलगा भागवत आत आला. उदगीरच्या मोंढ्यात त्याचं धान्याचं दुकान, तिथून बातमी कळल्याबरोबर निघालेला. डोळे लाल झाले होते.

"मी सांगतो कामून ते!" तो ओरडला. "मव्हा बाप मरत हुता, मॅडम, अन् मव्ही माय गाणं लावून ऐकत बसली हुती! इचारा शेजारच्या ज्ञानोबाला!"

३

ज्ञानोबा भिंतीपलीकडच्या खोलीत राहायचे. बायको वारली तरी खोली सोडली नव्हती. त्यांनी विशाखाला खाटेवर बसवलं आणि दाराकडे बघत बोलायला सुरुवात केली.

"गाणं वाजलं, हे खरं हाय. टाळ-मृदंगाचं भजन. पहाटेच्या टायमाला. मी म्हनलं, आज ह्यांना देव कसा काय आठवला?"

"त्याच्या आधी काही ऐकलं?"

"बोलणं चालू हुतं. बाईचा आवाज अन् मशीनीतल्या बाईचा आवाज. मशीनीतली सारखी एकच इचारीत हुती, 'कोणासाठी? नाव सांगा.' अन् म्हातारी काय नीट जबाब दीना."

विशाखा सावध झाली. "नाव सांगा? यंत्र नाव विचारत होतं?"

"हाव. आठवडाभर झाला इचारतंय. मला बी इचारतंय. मी मपलं नाव सांगतो, घंटा वाजती."

"आजोबा, तुम्हाला आवाज येत होता. मग तुम्ही उठून गेला का नाही?"

ज्ञानोबांची मान खाली गेली. "पैले कुणी हाक मारली की आम्ही समदे उठायचो, बाई. कुणाला काठी, कुणाला चष्मा सापडायचा न्हाई, तरी उठायचो. आता मशीन हाय. म्हनलं, मशीन बघंल. अन् कूस बदलली."

सहा महिने तिनं घंटा मोजल्या होत्या, सुमनबाई किती लवकर पोचते ते मोजलं होतं. शेजारी उठायचे थांबले, हे मोजायला कुणाला सुचलंच नव्हतं.

पण आत्ता त्याहून मोठा पेच समोर होता. तिच्यापुढं यंत्रानं एकदाही नाव विचारलं नव्हतं. म्हणजे एक तर ज्ञानोबा खोटं बोलत होते, नाहीतर पहाटेचं यंत्र आणि दुपारचं यंत्र एकच नव्हतं.

व्हरांड्यात सुमनबाई पायरीवर बसली होती. रात्रभर एकटीनं सगळा आश्रम सांभाळून आता जमादारापुढं बसून राहिलेली. पूर्वी रात्री दोघी असायच्या. यंत्र आलं आणि दुसरीला घरी बसवलं.

"तुम्हाला या यंत्रात काही बदल करता येतो?" विशाखानं विचारलं.

"मला? मॅडम, मला फक्त घंटा आली की हिरवं बटण दाबायचं कळतं. बाकी सगळं सरांच्या फोनमधी."

"यंत्र नाव विचारायचं?"

सुमनबाईनं आजूबाजूला पाहिलं. मग नुसती मान हलवली. हो.

४

जमादार धोंडप्पाचं जबाब घेणं चालूच होतं. त्याच्यासमोर भागवतची बायको स्वप्नाली बसली होती. शिकलेली, उदगीरला शाळेत मास्तरीण, पण सासरच्या माणसांत बसली होती म्हणून डोक्यावर पदर.

"खबर कुणी दिली?" धोंडप्पानं विचारलं.

"बालाजी सरांचा फोन आला. शिवांशच्या पप्पांनी घेतला."

"म्हणजे कुणी?"

"म्हणजे... ह्यांनी."

"मिस्टरांचं पूर्ण नाव?"

स्वप्नालीनं खाली बघितलं, मग पलीकडं बसलेल्या सासरच्या माणसांकडं. ओठ हलले नाहीत. धोंडप्पा दोन क्षण थांबला, मग स्वतःच पुटपुटला, "भागवत शेषेराव," आणि पुढच्या प्रश्नाकडं वळला. रोजचंच होतं ते त्याला. बायका नवऱ्याचं नाव सांगत नाहीत, आपणच समजून घ्यायचं.

विशाखा बाजूला उभी राहून ऐकत होती.

धोंडप्पाला समजलं होतं. यंत्राला समजलं असतं का?

तिनं अंगणाच्या कोपऱ्यात जाऊन यंत्राच्या कंपनीला फोन लावला. "या खोलीत पहाटे यंत्रानं जे आवाज नाकारले, ते मला हवेत. आत्ता."

पलीकडचा मुलगा गोंधळला. "मॅडम, नाकारलेले आवाज कोणी मागत नाही. आम्ही त्याला गोंगाट म्हणतो. तो हिशेबात धरत नाही."

"मी मागते. करारात माझा हक्क आहे तो. आणि त्या माणसाच्या पट्ट्यावरची नाडीही पाठवा."

थोड्या वेळानं तिच्या लॅपटॉपवर ते आलं. तिनं एकटीनं ऐकायला सुरुवात केली आणि पहिल्याच वाक्याला थांबवलं. मग जमादाराला, भागवतला आणि बालाजीला कार्यालयात बोलावलं आणि दार लावून घेतलं.

५

आधी खाटेची करकर. मग तुळजाबाईंचा आवाज.

"अगं बाई, मदत करा गं! ह्यांच्या छातीत कळ मारून राहिली!"

"कोणासाठी मदत हवी आहे? कृपया नाव सांगा."

"ह्यांच्यासाठी! मालकांसाठी!"

"हे नाव यादीत नाही. कृपया नाव सांगा."

"अगं, मपल्या मालकांसाठी! भागवतच्या बापासाठी!"

"भागवत हे नाव यादीत नाही. कृपया नाव सांगा."

भागवतनं टेबलाची कड धरली. आपल्याच नावाची हाक होती ती, आणि त्याच नावावर यंत्रानं दार लावलं होतं.

हाका चालूच राहिल्या. "सुमन, ए सुमन!" "ज्ञानोबा भाऊ!" "कुणी हाय का?" मधूनच एका पुरुषाचं घुसमटलेलं कण्हणं. दरवेळी तोच गोड आवाज, तोच प्रश्न. मग थोडा वेळ काहीच नाही. आणि मग तुळजाबाईंनी जे केलं ते ऐकून धोंडप्पासारखा मुरलेला जमादार खुर्चीवरून उठून उभा राहिला.

कापऱ्या, रडक्या आवाजात तुळजाबाई उखाणा घेत होत्या.

"काळ्या रानात कापूस फुटला, भरून आली ओटी... शेषेरावांचं नाव घेते... तुळजाई माझ्या पाठी..."

लग्नात, हळदीकुंकवाला, नवऱ्याचं नाव तोंडातून काढायची जी एकच वाट या बाईला लहानपणापासून ठाऊक होती, ती तिनं मरत्या नवऱ्याच्या उशाशी बसून धरली होती.

"वा, छान!" यंत्र म्हणालं. "तुमच्यासाठी एक भक्तिगीत लावत आहे."

टाळ-मृदंग सुरू झाला. त्याच्या वरून तुळजाबाई किंचाळत होत्या, "बंद कर गं! माय, बंद कर!" भजन काही थांबेना. बऱ्याच वेळानं ते आपोआप संपलं, आणि त्या शांततेत एकच शब्द आला, उघडा, नुसता, कुठल्याही यमकाशिवाय.

"शेषेराव!"

"शेषेराव यांच्यासाठी मदत मागवली आहे. धन्यवाद."

भागवत भिंतीशी खाली बसला आणि लहान पोरासारखा रडायला लागला.

६

पहिली बोलली ती विशाखा, आणि ती बालाजीशी बोलली.

"पहाटे यंत्र नावाशिवाय हाक घेत नव्हतं. मी आले तेव्हा घेत होतं. म्हणजे मधल्या वेळात कुणीतरी ते बदललं. सुमनबाईला बदलता येत नाही, आणि ती सकाळपासून जमादारांपुढं आहे. भागवतराव उदगीरहून आलेत, त्यांच्या हातात यंत्र नाही. कंपनीनं केलं असतं तर मुळात हे आवाज मला पाठवलेच नसते."

"मॅडम, हा नुसता अंदाज..."

"मी आल्या आल्या तुम्ही काय म्हणालात? एक नाव सांगितलं असतं तर माणूस वाचला असता. पण मला दाखवलेल्या यंत्राला नाव लागतच नव्हतं, बालाजी! मग तुम्हाला कसं ठाऊक की त्या बाईला नाव सांगायचं होतं?"

बालाजीनं फोन टेबलावर ठेवला. इस्त्रीचा सदरा घामानं पाठीला चिकटला होता.

"घंटा लई व्हायच्या, मॅडम," तो म्हणाला. पुस्तकी बोलणं पार गळून पडलं होतं. "दुसरी सेविका कमी केलेली. एकटी सुमनबाई पुरंना. अन् तुमची तपासणी तोंडावर. म्हणून त्या-त्या खोलीतल्या माणसाचं नाव घेतलं तरच घंटा, अशी अट घातली. खोट्या घंटा थांबल्या. आज सकाळी कळलं काय झालं ते, अन् भीतीनं परत काढली."

"बायका नाव घेत नाहीत, हे तुम्हाला माहीत नव्हतं? तुमच्या घरात बायका नाहीत?"

बालाजी टेबलावरच्या फोनकडं बघतच बोलला.

"दोघी आज्ज्या आल्या हुत्या सांगायला. म्हनल्या, आमच्या तोंडातून नाव निघत न्हाई, मशीनीला समजावा. मी म्हनलं... शिकतील."

धोंडप्पानं फोन उचलून खिशात टाकला आणि बालाजीच्या दंडाला धरलं.

बाहेर गाडीचा आवाज झाला. लातूरहून शेषेराव परत आले होते. त्यांच्याबरोबर डॉक्टरांचा निरोपही आला. हृदयविकाराचा झटका, अंगावर कसली खूण नाही. थोडं आधी दवाखान्यात पोचले असते तर बहुतेक वाचले असते, असंही डॉक्टर म्हणाले होते.

विशाखा अंगणात येऊन तुळजाबाईंपाशी जमिनीवर बसली.

"आजी, मी सगळं ऐकलं. तुम्ही कुणाला मारलं नाही."

पदराआडून पहिल्यांदाच जास्त शब्द आले. "मारलं. नाव घेतलं म्या ह्यांचं. उघडं. मव्ही माय सांगायची, नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य तुटतं. जिंदगीभर घेतलं न्हाई. आज घेतलं, अन् वळून बघितलं तर हे गेलेले."

म्हणजे ही होती कबुली! सकाळपासून पोलिसांची जीप जिच्यासाठी उभी होती, तो गुन्हा हा.

"नाही आजी. मनगटाच्या पट्ट्यात नाडी कळते. तुम्ही नाव घेतलं, त्याच्या आधीच ती थांबली होती. ते भजन चालू होतं ना, तेव्हाच. यंत्राला वाटलं पट्टा सैल झाला, म्हणून ते गप्प बसलं. तुमच्या नाव घेण्यानं काही झालं नाही."

तुळजाबाईंनी पदर खाली घेतला. त्यांनी विशाखाकडं नीट बघितलं. विशाखाला वाटलं, सुटली बिचारी. पण म्हातारी माणसं आपल्याला वाटतं त्याहून एक पाऊल पुढं विचार करतात.

"मंग," तुळजाबाई म्हणाल्या, "पैल्यांदाच घेतलं असतं तर?"

"आजी, तुम्ही जीव तोडून हाका मारल्या. माणूस असतं तर पहिल्या हाकेला धावून आलं असतं. चूक यंत्राची होती, ज्यानं अट घातली त्याची होती."

"ते कळलं मला. मी इचारलं ते येगळं हाय."

भागवत मागून घाईघाईनं म्हणाला, "माय, जाऊ दे ना आता!" सगळे विशाखाकडं डोळ्यांनी विनवत होते, खोटं बोल म्हणून. पण या आश्रमात दोघी म्हाताऱ्यांनी खरं सांगितलं होतं आणि ते कुणी ऐकलं नव्हतं. तिसरीनं खरं मागितलं, तर तिला ते नाकारायचं कसं?

"बहुतेक वाचले असते, आजी," ती म्हणाली.

भागवतनं डोळे मिटले. तुळजाबाईंनी मात्र एकदा मान हलवली.

"खरं बोललीस," त्या म्हणाल्या. "उठवा मला."

एका बाजूनं सुमनबाईनं धरलं, दुसऱ्या बाजूनं भागवतनं. आईला तोंड बघू देणार नाही म्हणणारा तोच मुलगा आता तिला खांद्यानं तोलत होता. तुळजाबाई नवऱ्याच्या उशाशी पोचल्या. कपाळावरून हात फिरवला, विस्कटलेली मिशी बोटानं सारखी केली. रडल्या नाहीत. मग मान वर करून सुनेला शोधलं.

"स्वप्नाली, इकडं ये."

ती पदर सावरत पुढं आली.

"तुझ्या नवऱ्याचं नाव काय गं?"

"आत्या, असं काय..." स्वप्नालीनं जमलेल्या पुरुषांकडं पाहिलं.

"घे म्हणते नं. मपल्यासमोर घे. ह्यांच्यासमोर घे."

"भागवत," ती कशीबशी पुटपुटली.

"मला ऐकू आलं न्हाई. मोठ्यानं घे, पोरी."

स्वप्नालीचा आवाज फुटला तो रडूनच. "भागवत!"

बापाच्या पायाशी उभ्या असलेल्या भागवतनं वर बघितलं.

"ओ," तो म्हणाला.